निवडुंगाची पावडर, निवडुंगाची बोंडं: संशोधन नेमकं काय सांगतं?

ज्यांच्या घरातलं कुणी सौदीत नोकरीला आहे, त्यांनी उन्हाळ्यात ताइफच्या रस्त्यावर मांडलेली ही फळं पाहिली असतील. अंड्याएवढी, हिरवट-पिवळी, कुठं लालसर. विकणारा हातमोजे घालून दोन्ही टोकं कापतो, मधे एक उभी चीर देतो, साल बाजूला करतो आणि आतला थंड गर पुढे करतो. तिथं त्याला बरशूमी म्हणतात. मिस्रमध्ये तीन शौकी, म्हणजे काटेरी अंजीर. फिलस्तीनमध्ये सब्र. आपल्याकडं गावाकडच्या पोरांना हेच फळ दुसऱ्या नावानं माहीत आहे: निवडुंगाची बोंडं. खाऊन ओठ-जीभ लालभडक करून घरी यायचं आणि बोटात घुसलेल्या कुसळांवरून अम्मीची बोलणी खायची.

आज या विषयावर लिहायचं कारण बोंडं नाहीत, एक डबा आहे. आमच्या नात्यातल्या एका खालांना बारा वर्षांपासून शुगर आहे. मागच्या रमजानच्या आधी कुणीतरी त्यांना 'कॅक्टस पावडर' आणून दिली. सकाळी एक चमचा घ्या, गोळ्या सुटतील, असं सांगितलं. खालांनी गोळ्या सोडल्या नाहीत, पण निम्म्या केल्या आणि घरात कुणालाच सांगितलं नाही. पंधरा दिवसांनी तपासणीत आकडा वर गेलेला निघाला तेव्हा सगळं बाहेर आलं. डब्यावर झाडाचं नाव होतं फक्त 'निवडुंग'. कुठला निवडुंग, झाडाचा कुठला भाग, किती प्रमाण, काहीच नाही. तेव्हा आम्ही ठरवलं की या झाडावर खरंच काय संशोधन झालंय ते नीट मांडायचं. झालंय, बरंच झालंय. फक्त डब्यावर लिहिलेलं ते नाही.

आधी नावाचा घोळ

मराठीत निवडुंग हे एका झाडाचं नाव नाही. बांधावर, माळावर दोन अगदी वेगळ्या घराण्यांची झाडं याच नावानं ओळखली जातात. एक फड्या निवडुंग. नागाच्या फड्यासारखे चपटे, मांसल, एकावर एक फुटलेले हिरवे फडे, त्यावर काटे आणि टोकाला बोंडं. शास्त्रीय नाव ओपुन्शिया. आपण ज्याला पान म्हणतो तो फडा खरं तर त्याचं खोड असतं. दुसरा त्रिधारी निवडुंग, वई निवडुंग, शेर वगैरे. ही युफोर्बिया घराण्यातली झाडं. तोडलं की पांढरा चीक येतो. हा चीक कातडीला भाजतो, डोळ्यात गेला तर नजरेला धोका होतो आणि पोटात गेला तर उलट्या-जुलाब सुरू होतात. फड्या निवडुंग कापला की चीक येत नाही, बुळबुळीत पाणी येतं. मधुमेह, चारा, तेल, रंग, पाणी यांवरचं जे संशोधन पुढं सांगतोय ते सगळं या चपट्या फड्या निवडुंगाचं आहे. चीक आला की हात मागं घ्या, ही खूण घरातल्या मुलांनाही सांगून ठेवा.

भाषेमुळं घोळ आणखी वाढतो. हिंदी-उर्दूत चिकाच्या झाडाला थोहर किंवा थूहर म्हणतात आणि गुजरातीत फड्यालाच हाथला थोर म्हणतात. कुरआनच्या कित्येक उर्दू तर्जुम्यांत 'ज़क्कूम'साठी थोहर हा शब्द आलाय. त्यामुळं काही घरांत फड्या निवडुंगाकडंच वाईट नजरेनं पाहिलं जातं, तर काही जण 'तीन शौकी' या नावावरून हेच सूरह तीनमधलं तीन, असं समजून बसतात. दोन्ही चूक. फड्या निवडुंग मुळात अमेरिका खंडाचा. मेक्सिकोत हजारो वर्षांपासून तो खाल्ला जातोय, त्या देशाच्या झेंड्यावर गरुड बसलाय तो याच झाडावर. कोलंबस 1492 साली तिकडं पोचल्यानंतरच ते स्पेन, तिथून मगरिब आणि अरब मुलखात आणि पुढं आपल्याकडं आलं. कुरआन नाज़िल झाला त्या काळात अरबस्तानात ते नव्हतंच. गंमत म्हणजे मोरोक्को-ट्युनिशियात लोक त्याला 'हिंदी', 'हिंदिया' म्हणतात आणि शास्त्रीय नावातही 'फायकस-इंडिका', म्हणजे हिंदी अंजीर असं आहे. हा हिंद आपला नव्हे, कोलंबसाच्या चुकीतला.

शुगरवर परिणाम होतो का?

मेक्सिकोत कोवळे फडे ही रोजची भाजी आहे. नाव नोपाल. काटे खरवडायचे, चिरायचे, तव्यावर भाजायचे किंवा उकडायचे. भेंडीसारखी तार सुटते. तिथं मधुमेहही खूप आहे. त्यामुळं या भाजीवर सगळ्यात जास्त काम तिथल्याच डॉक्टरांनी केलं. 1988 साली फ्राती-मुनारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'डायबेटिस केअर' या नियतकालिकात लिहिलं की टाइप 2 मधुमेहाच्या रुग्णांना 500 ग्रॅम भाजलेले फडे दिल्यावर पुढच्या तीन तासांत रक्तातली साखर उतरली. 2007 साली त्याच नियतकालिकात आणखी एक अभ्यास आला. त्यात मेक्सिकन नाश्त्याबरोबर फक्त 85 ग्रॅम नोपाल दिला होता आणि खाल्ल्यानंतर साखर जी उसळी मारते ती कमी झाली. 2014 मध्ये 14 मधुमेही आणि 7 निरोगी माणसांवर पुन्हा तपासलं. पिठूळ नाश्त्यासोबत 300 ग्रॅम वाफवलेला नोपाल दिल्यावर मधुमेहींची जेवणानंतरची साखर कमी चढली.

हे का होतं तेही बऱ्यापैकी समजलंय. फड्यातला बुळबुळीत पदार्थ आणि विरघळणारा तंतू पोटात पाणी धरून जेल होतो. मग अन्न हळू पुढं सरकतं आणि साखर हळू शोषली जाते. इसबगोल किंवा मेथीदाणे करतात साधारण तेच काम. यात जादू नाही.

आता या अभ्यासांत काय नाही ते पाहा. भाजी जेवणाबरोबर दिली होती, गोळ्यांच्या जागी नाही. मोजलं ते जेवणानंतरचे काही तास. माणसं मोजकी होती. वर्षभर निवडुंग खाऊन तीन महिन्यांची सरासरी साखर सुधारली, असं दाखवणारा मोठा अभ्यास यातला एकही नाही. 2019 मध्ये तोवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्याचाही निष्कर्ष असाच: फड्यांचा परिणाम दिसतो, फळाबद्दल तसा पुरावा मिळत नाही. म्हणजे बोंडांचा रस 'शुगरवर रामबाण' म्हणून विकणारा माणूस संशोधनाचं नाव घेत असेल, तर ते संशोधन झाडाच्या दुसऱ्याच भागाचं आहे. वर त्या रसात बऱ्याचदा साखर असते, ते वेगळंच.

उलटा धोकाही आहे. साखर उतरवणारी गोळी चालू असताना वरून फड्याची पावडर किंवा कॅप्सूल घेतली तर साखर गरजेपेक्षा जास्त खाली जाऊ शकते. वैद्यकीय नोंदींत असे रुग्ण आहेत. रोज्यात हे आणखी जोखमीचं, कारण सहरीला घेतलेल्या गोळीचा परिणाम दिवसभर उपाशी पोटी चालू राहतो. घाम सुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढं अंधारी आली तर साखर लगेच तपासायची आणि कमी निघाली तर रोजा तोडायचा. आजारी माणसाला शरीअतनं सवलत दिली आहे, त्यात शरम कसली. शुगरवाल्यांनी अशी कुठलीही गोष्ट सुरू करायच्या आधी डॉक्टरांना सांगावी. मूत्रपिंडाचा त्रास किंवा मुतखडा असणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय नकोच, कारण फड्यात पोटॅशियम आणि ऑक्झलेट दोन्ही भरपूर असतात.

लाल रस म्हणजे लोह नव्हे

गुजरातेतून आपल्याकडं आलेली दुसरी गोष्ट म्हणजे 'फिंडला' रस. हाथला थोरच्या गडद लाल बोंडांचा हा रस हिमोग्लोबिन वाढवतो म्हणून बायकांना आणि बाळंतिणींना दिला जातो. रंग पाहून विश्वास बसतो. पण हा रंग लोहाचा नाही. बीटमध्ये असतात तीच बीटालेन नावाची रंगद्रव्यं यात असतात. रस प्यायल्यावर लघवी लालसर झाली तर घाबरू नका, ती त्याचीच.

फळ वाईट नाही, अजिबात नाही. सिसिलीतल्या पालेर्मोच्या संशोधकांनी 2004 मध्ये 18 निरोगी माणसांना दोन आठवडे रोज दोन वेळा 250 ग्रॅम गर दिला. शरीरातल्या पेशींची झीज दाखवणाऱ्या रक्तातल्या खुणा कमी झाल्या. तुलनेसाठी तेवढंच क जीवनसत्त्व नुसतं देऊन पाहिलं, तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे फळात क जीवनसत्त्वाशिवाय आणखी कामाचं काही आहे. क जीवनसत्त्वामुळं भाजी-डाळीतलं लोह शोषायला मदत होते, हेही खरं. पण पोरीचं हिमोग्लोबिन सातवर असेल तर तिला लोहाच्या गोळ्या लागतात. त्यांच्याबरोबर पेरू, लिंबू, आवळा किंवा बोंडं काहीही चालेल. त्यांच्याऐवजी नाही.

बोंडात बिया खच्चून असतात आणि त्या कडक असतात. एका बैठकीत वीस-पंचवीस बोंडं खाल्ली तर या बिया खाली गुदाशयात साचून दगडासारखा गोळा होतो आणि कधी कधी तो दवाखान्यात भूल देऊन काढावा लागतो. भूमध्य समुद्राकाठच्या देशांत हंगामात असे रुग्ण येतात, त्यात मुलंही असतात. दोन-चार खा, पाणी भरपूर प्या. सोलायच्या आधी बोंडं वाळूत किंवा गोणपाटावर घोळून घ्या. मोठ्या काट्यापेक्षा ही केसासारखी कुसळं वाईट. दिसत नाहीत आणि निघता निघत नाहीत.

तेलाची बाटली

मोरोक्कोत बियांचं तेल काढतात. चेहऱ्याला लावायचं हे तेल जगातल्या महाग तेलांपैकी एक. बीत तेल थोडंच असतं आणि एक लिटर काढायला साधारण एक टन फळं लागतात. त्यात लिनोलिक आम्ल आणि ई जीवनसत्त्व भरपूर, त्यामुळं कोरड्या त्वचेला ते चांगलं यात शंका नाही. सुरकुत्या जातात, डाग जातात वगैरे दाव्यांचा पुरावा मात्र पातळ आहे. आणि एक टन फळांचा हिशेब लक्षात ठेवा. ऑनलाइन दोनशे रुपयांत 'शुद्ध' बाटली मिळत असेल तर आत काय असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

झाडावरचा किडा आणि ई120

फड्या निवडुंगावर कापसासारखा पांढरा थर दिसतो. तो बोटानं चिरडला की रक्तासारखा लाल रंग निघतो. हा कोचिनियल नावाचा किडा. त्याच्या एका जातीच्या वाळवलेल्या माद्यांपासून कार्माइन हा लाल रंग बनतो. मेक्सिकोतून स्पेनला जाणाऱ्या मालात चांदीच्या खालोखाल याचा भाव होता. आज सगळ्यात जास्त उत्पादन पेरूमध्ये होतं. परदेशातून येणारी कँडी, जेली, स्ट्रॉबेरी दही आणि लिपस्टिक यांत हा रंग असू शकतो. लेबलवर तो ई120, कार्माइन, कोचिनियल किंवा नॅचरल रेड 4 असा येतो. 'नॅचरल कलर' वाचून आपण निर्धास्त होतो, पण हा नैसर्गिक रंग किड्याचा आहे. कोकणातले आपले लोक बहुतेक शाफई, घाटावरचे बहुतेक हनफी. दोन्ही मसलकांत किडे खाणं सर्वसाधारणपणे जाइज मानलं जात नाही, मालिकी मसलकात मत वेगळं आहे. रंग म्हणून वापर आणि लिपस्टिकसारख्या वरून लावायच्या गोष्टी यांवर उलमांमध्ये आणखी बारकावे आहेत, ते आपापल्या मुफ्तीसाहेबांना विचारा. आम्ही फक्त लेबल कसं वाचायचं ते सांगतोय. निवडुंगाच्या बोंडाचा लाल रंग मात्र वनस्पतीचा आहे, त्याचा या किड्याशी संबंध नाही.

याच किड्याची एक गोष्ट आपल्या मुलखाशी जोडलेली आहे. 1795 साली कॅप्टन नीलसन नावाच्या इंग्रजानं रंगाच्या धंद्यासाठी ब्राझीलहून कोचिनियल कलकत्त्याला आणला. जात चुकीची निघाली, रंग हलका आला, धंदा बसला. पण त्या किड्यानं इथल्या एका निवडुंगाचा फडशा पाडला. पुढं दुसऱ्या जातीचा फड्या निवडुंग दक्षिण भारतात इतका माजला की शेतं गिळायला लागला. तेव्हा 1926 मध्ये सिलोनहून त्या निवडुंगावर जगणारा कोचिनियल मुद्दाम आणून सोडला आणि काही वर्षांत हजारो एकर जमीन मोकळी झाली.

इथं जो किडा तारणारा ठरला, तोच मोरोक्कोत काळ होऊन आला. 2014 मध्ये सिदी बनूर भागात तो पहिल्यांदा दिसला आणि बघता बघता कुंपणं, बागा, गावंच्या गावं पांढरी पडली. ज्या बायका सहकारी संस्था काढून बियांचं तेल विकायच्या, त्यांच्या हातचं फळच गेलं. तिथल्या कृषी संशोधन संस्थेनं शेकडो वाणांतून चाळत आठ वाण असे काढले ज्यांवर हा किडा टिकत नाही. आता त्यांचीच लागवड चालू आहे. निवडुंगावरच्या अलीकडच्या संशोधनातलं हे काम आम्हाला सगळ्यात मोलाचं वाटतं. यात कुणाची कॅप्सूल विकली जात नाही, पण लोकांची भाकरी परत येते.

गढूळ पाणी

मेक्सिकोतल्या जुन्या बायका नोपाल उकळलेलं पाणी घालून गढूळ पाणी निवळायच्या. आजीकडून ही गोष्ट ऐकलेल्या नॉर्मा अल्कांतार पुढं साउथ फ्लोरिडा विद्यापीठात प्राध्यापक झाल्या आणि त्यांनी त्यावरच संशोधन केलं. फड्यातला बुळबुळीत पदार्थ गाळाला, जंतूंना आणि आर्सेनिकलाही चिकटून खाली बसवतो, असं त्यांच्या गटाला दिसलं. 2008 मध्ये अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका गटानं प्रयोगशाळेत 92 ते 99 टक्के गढूळपणा गेल्याचं नोंदवलं. आपली तुरटी करते तसंच. पण निवळलेलं पाणी म्हणजे निर्धोक पाणी नव्हे. ते नंतर उकळायलाच हवं.

शेळ्यांसाठी

आणि आता ज्याचा आपल्याला खरोखर उपयोग आहे ते. दुष्काळात काटे जाळून फड्या निवडुंग जनावरांना घालायची रीत दख्खनच्या जुन्या लोकांना ठाऊक होती. बिनकाट्याच्या जातींमुळं तो जाळायचा त्रास गेला. हे झाड दिवसा आपली छिद्रं बंद ठेवतं आणि रात्री गारव्यात उघडून हवा घेतं, म्हणून पाणी उडत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या अंदाजानं एक हेक्टर निवडुंगात 180 टनांपर्यंत पाणी साठून राहू शकतं, पाच मोठ्या गाई जगतील एवढं. ब्राझीलच्या कोरड्या ईशान्य भागात पाच लाख हेक्टरांहून जास्त जमिनीवर तो फक्त चाऱ्यासाठी आहे.

ट्युनिशियाचे अली नफ्झावी आणि हिशाम बेन सालेम यांनी मेंढ्या-शेळ्यांवर वर्षानुवर्षं काम केलं. मुख्य गोष्ट ही की भरपूर निवडुंग खाणारी मेंढी जवळपास पाणी पीतच नाही. ज्या गावात मार्चपासून टँकर येतो तिथं कुर्बानीसाठी दोन बोकड पाळणाऱ्या घराला याचा अर्थ सांगायला नको.

पण नुसता निवडुंग घालू नका. त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी, प्रथिनं फार कमी. एकट्यावर ठेवलं तर शेळीला पातळ लेंड्या होतात आणि अंग धरत नाही. कडबा, भुसा किंवा वाळलेला पाला सोबत हवाच, आणि प्रथिनासाठी थोडी पेंड नाहीतर सुबाभूळ-शेवग्याचा पाला. फडे बोटाएवढे तुकडे करून कडब्याच्या कुट्टीत मिसळायचे. सुरुवात थोड्यानं करायची, आठ-दहा दिवसांत वाढवायचं.

आपल्याकडं उरुळी कांचनच्या बायफ संस्थेनं बिनकाट्याच्या निवडुंगावर काम केलंय. त्यांनी तो राजस्थान-गुजरातच्या कोरड्या भागात शेळीवाल्यांपर्यंत पोचवला. जोधपूरची काझरी आणि झाशीची गवत व चारा संशोधन संस्था याही यावर काम करतात. लागवड सोपी आहे. वर्षाचा फडा सांध्यावर कापायचा, सावलीत आठवडाभर ठेवून जखम वाळू द्यायची, मग खालचा तिसरा हिस्सा मातीत जाईल असा उभा रोवायचा. पाणी साचणारी जमीन नको, त्यात फडा कुजतो. बांध, मुरमाड उतार, पडीक कोपरा चालतो. रोप घेताना फड्यावर तो पांढरा कापूस नाही ना हे नीट बघा, कारण 1926 चा पाहुणा अजून देशात आहे. लावल्यावर पहिलं वर्ष काही तोडायचं नाही. नंतर वरचे फडे काढायचे, खालचा आईफडा तसाच ठेवायचा, त्यालाच पुढच्या पावसात नवे फुटतात.